रांगेतला निरोप हरवतो कुठे?

नाट्यगृहाचे तिकीट संकेतस्थळावरून काढावे, बँकेच्या खात्यातून पैसे वळते व्हावेत, पडद्यावर ‘आपले आरक्षण झाले आहे’ अशी अक्षरे उमटावीत आणि मोबाइलवर यावयाचा आसनक्रमांकाचा संदेश मात्र येऊच नये, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. प्रयोगाच्या दिवशी दारावरचा माणूस ‘संदेश दाखवा’ म्हणतो आणि प्रेक्षक बँकेच्या खात्यातील नोंद दाखवतो. अशा वेळी दोष बहुधा मोबाइल कंपनीला दिला जातो. परंतु संकेतस्थळ आणि मोबाइल यांच्यामध्ये आणखी एक मुक्काम असतो आणि तो सामान्य ग्राहकाला कधीच दिसत नाही. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘मेसेज क्यू’, म्हणजे संदेशांची रांग, असे म्हणतात.

या मुक्कामावर निरोप हरवू शकतो. विशेष म्हणजे, रांग सांभाळणारी यंत्रणा स्वतः चोख असली तरीही तो हरवू शकतो. कारण त्या यंत्रणेशी जोडणी करताना आणि तिच्याकडे संदेशांची मागणी नोंदवताना प्रोग्रामरने काही मोजक्या गोष्टी स्वतः ठरवायच्या असतात. त्या ठरवल्या नाहीत, तर यंत्रणा आपल्या मूळ नेमणुकीप्रमाणे चालते. आणि ही मूळ नेमणूक आपल्या गरजेची असतेच असे नाही.

रांग कशासाठी?

तिकीट विकले गेले की मागे अनेक कामे सुरू होतात. ग्राहकाला एसएमएस पाठवायचा असतो, हिशेब विभागाला पावती द्यायची असते, नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाच्या यादीत नाव घालायचे असते. ही सारी कामे संकेतस्थळानेच त्या क्षणी करायची म्हटली, तर ग्राहक पडद्याकडे पाहत ताटकळत बसेल. एसएमएस पाठवणारा सर्व्हर मंदावला, तर तिकीटविक्रीही मंदावेल.

यावर तोडगा म्हणून मध्ये एक मध्यस्थ बसवला जातो. त्याला ‘ब्रोकर’ म्हणतात. संकेतस्थळ ‘अमुक आसन अमुक ग्राहकाला विकले’ एवढा निरोप ब्रोकरच्या हाती देऊन मोकळे होते. ब्रोकर तो रांगेत ठेवतो आणि एसएमएसचे, हिशेबाचे किंवा यादीचे काम करणारे वेगवेगळे प्रोग्राम आपापल्या सवडीने तो उचलतात. निरोप देणाऱ्याला ‘पब्लिशर’ आणि घेणाऱ्याला ‘कन्झ्युमर’ अशी नावे आहेत. ब्रोकरशी त्याच्या भाषेत बोलण्याचे काम ‘क्लायंट लायब्ररी’ नावाचा तयार संच करतो. जावा, पायथन, डॉट नेट अशा प्रत्येक भाषेसाठी तो स्वतंत्र असतो. आपल्या विषयाचा संबंध याच संचाशी आहे.

मुंबईकराची ‘बस’

या कल्पनेच्या इतिहासात एक मराठी नाव ठळकपणे येते. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेतील एमआयटी व हार्वर्ड येथे शिकलेले विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी उभारली. संगणकाच्या आत निरनिराळे भाग एका सामाईक मार्गाने, म्हणजे ‘बस’ने, एकमेकांशी जोडलेले असतात. तशीच बस निरनिराळ्या प्रोग्रामसाठी का असू नये, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून ‘द इन्फर्मेशन बस’ ही प्रणाली तयार झाली आणि शेअर बाजारातील दलाली पेढ्यांमध्ये तिचा वापर सुरू झाला. ज्याला ज्या विषयाची माहिती हवी, त्याने त्या विषयाची मागणी नोंदवावी, हे तिचे सूत्र होते. रॉयटर्सने १९९४ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये रणदिवे यांनी टिब्को ही नवी कंपनी स्थापन केली.

पुढे आयबीएमनेही १९९३ मध्ये ‘एमक्यूसिरीज’ बाजारात आणले. मात्र प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आणि परवाने महाग, अशी स्थिती होती. जेपी मॉर्गन चेस बँकेतील जॉन ओहारा यांनी २००३ मध्ये सर्वांना खुल्या असलेल्या एका सामाईक भाषेचे काम सुरू केले. त्या भाषेचे नाव एएमक्यूपी. ती बोलणारा ‘रॅबिटएमक्यू’ हा ब्रोकर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एर्लांग या भाषेत लिहिलेला हा ब्रोकर विनामूल्य मिळतो आणि जगभर वापरला जातो. पुढील विवेचनासाठी त्याचेच उदाहरण घेऊ.

जोडणी : एकदाच, पण नीट

ब्रोकरशी जोडणी करताना लायब्ररीला पाच गोष्टी सांगाव्या लागतात: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक, वापरकर्त्याचे नाव, संकेतशब्द आणि ‘व्हर्च्युअल होस्ट’. साध्या जोडणीसाठी ५६७२ आणि सांकेतिक स्वरूपात सुरक्षित केलेल्या जोडणीसाठी ५६७१ हे पोर्ट ठरलेले आहेत. व्हर्च्युअल होस्ट म्हणजे एकाच वाड्यातील स्वतंत्र बिऱ्हाड समजावे. ब्रोकर एकच असला, तरी एका बिऱ्हाडातील रांगा दुसऱ्याला दिसत नाहीत.

नवशिक्यांची पहिली अडचण येथेच होते. रॅबिटएमक्यूमध्ये ‘गेस्ट’ हे नाव आणि ‘गेस्ट’ हाच संकेतशब्द असलेले खाते आधीपासून असते. स्वतःच्या संगणकावर त्याने काम सुरळीत होते. प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेला, की ब्रोकर तेच खाते नाकारतो. हा दोष नसून सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली सोय आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळे खाते आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार. दुसरी अडचण पत्त्याच्या शेवटच्या अक्षरात असते. मूळ व्हर्च्युअल होस्टचे नाव नुसती एक तिरकी रेघ, असे आहे. पत्त्याच्या शेवटी रेघ देऊन पुढे काहीच लिहिले नाही, तर त्याचा अर्थ ‘रिकामे नाव’ असा होतो. तिरकी रेघ हेच नाव द्यायचे असेल, तर ती ‘%२एफ’ अशी लिहावी लागते.

जोडणी उघडणे हे खर्चिक काम आहे. प्रत्येक वेळी ओळख पटवणे, अटी ठरवणे अशी देवाणघेवाण होते. त्यामुळे प्रत्येक संदेशासाठी नवी जोडणी उघडून बंद करणे, म्हणजे प्रत्येक पत्रासाठी नवे टपाल कार्यालय उघडण्यासारखे आहे. जोडणी एकदा उघडावी आणि प्रोग्राम चालू असेपर्यंत ठेवावी. एकाच जोडणीत अनेक स्वतंत्र संभाषणे चालावीत, यासाठी ‘चॅनेल’ची सोय आहे. प्रोग्रामच्या प्रत्येक धाग्याला, म्हणजे ‘थ्रेड’ला, स्वतंत्र चॅनेल द्यावे, एकच चॅनेल अनेक धाग्यांनी वापरू नये.

आणखी एक पथ्य जाणकार सांगतात. संदेश पाठवण्यासाठी एक आणि घेण्यासाठी दुसरी, अशा दोन जोडण्या ठेवाव्यात. ब्रोकरची स्मृती किंवा डिस्क भरत आली, की तो पाठवणाऱ्यांच्या जोडण्या रोखून धरतो. पाठवणे आणि घेणे एकाच जोडणीवर असेल, तर घेतलेल्या संदेशांच्या पोचपावत्याही तेथेच अडकतात आणि रांग उपसण्याचे काम, ज्याची त्या क्षणी सर्वाधिक गरज असते, तेच थांबते.

नाडीचे ठोके

जोडणी झाली, पण ती जिवंत आहे हे कशावरून ओळखावे? मधली तार तुटली किंवा समोरचे यंत्र अचानक बंद पडले, तर दुसऱ्या बाजूला ते पुष्कळ वेळ कळतही नाही. त्यासाठी दोन्ही बाजू ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असा छोटा इशारा पाठवतात. त्याला ‘हार्टबीट’ म्हणतात. रॅबिटएमक्यू त्यासाठी ६० सेकंदांचा अवधी सुचवतो. लायब्ररीतून तो कमीजास्त करता येतो. लागोपाठ दोन ठोके चुकले, की जोडणी मृत समजली जाते. अवधी फार कमी ठेवला, तर जाळ्यातील क्षणिक अडथळ्यानेही जोडणी तुटते. ५ ते २० सेकंद हा बहुतेक ठिकाणी योग्य ठरणारा पल्ला आहे.

पायथनची ‘पिका’ ही लायब्ररी वापरणाऱ्यांना येथे एक विचित्र अनुभव येतो. तिच्या साध्या प्रकारात काम करणे आणि ठोके देणे एकाच धाग्यावर चालते. एखाद्या संदेशावरील काम काही मिनिटे चालले, तर तेवढा वेळ ठोके बंद पडतात आणि ब्रोकर जोडणी तोडतो. प्रोग्रामरला वाटते, जाळे खराब आहे. वास्तविक दीर्घ काम वेगळ्या धाग्यावर नेणे, हाच त्यावरील उपाय असतो.

तुटलेली जोडणी पुन्हा कोणी जोडायची, हेही ठरवावे लागते. रॅबिटएमक्यूची जावा लायब्ररी ४.० आवृत्तीपासून हे काम आपणहून करते. दर ५ सेकंदांनी ती पुन्हा प्रयत्न करते आणि मागणी नोंदवलेल्या रांगाही पूर्ववत करते. परंतु पहिलीच जोडणी झाली नाही, तर हा उपाय लागू होत नाही. प्रोग्राम आधी आणि ब्रोकर नंतर सुरू झाला, तर पुन्हा प्रयत्न करण्याची तजवीज प्रोग्रामरनेच करायची असते. पिकामध्ये तर ही सारी जबाबदारी त्याच्याकडेच आहे.

वर्गणीदार आणि स्टॉलवरचा ग्राहक

आता दुसरा भाग. जोडणी म्हणजे केवळ दार. आत कोणते संदेश हवेत, याची मागणी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. तिला ‘सबस्क्रिप्शन’, म्हणजे वर्गणी, म्हणतात. मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. मासिकाचा वर्गणीदार गावाला गेला, तरी त्याचा अंक घरी येऊन पडतो. स्टॉलवरून अंक घेणारा त्या महिन्यात तिकडे फिरकला नाही, तर तो अंक त्याला मुकतो.

ब्रोकरकडेही हे दोन प्रकार आहेत. रांग ‘ड्युरेबल’, म्हणजे टिकाऊ, जाहीर केली आणि तिला कायमचे नाव दिले, तर घेणारा प्रोग्राम बंद असतानाही संदेश साठत राहतात. रांग तात्पुरती, त्या जोडणीपुरती जाहीर केली, तर जोडणी तुटताच ती साठलेल्या संदेशांसह नाहीशी होते. पडद्यावर शेअरचे चालू भाव दाखवायचे असतील, तर दुसरा प्रकार उत्तम. कारण जुना भाव कोणाला नको असतो. तिकिटाच्या संदेशासाठी मात्र पहिलाच प्रकार हवा.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. रांग टिकाऊ असणे आणि तिच्यातील संदेश टिकाऊ असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीच्या प्रकारच्या रांगेत संदेश पाठवतानाच ‘हा डिस्कवर जपून ठेव’ अशी खूण करावी लागते. ती नसेल, तर ब्रोकर पुन्हा सुरू झाल्यावर रांग जागेवर असते, पण रिकामी.

कोणता संदेश कोणत्या रांगेत जावा, हे ‘एक्स्चेंज’ ठरवतो. टपाल वर्गीकरण केंद्रासारखे त्याचे काम असते. विषयानुसार वाटणी करणाऱ्या प्रकारात ‘पुणे.नाटक.आरक्षण’ अशी टिंबांनी जोडलेली नावे देतात. मागणी नोंदवताना फुली, म्हणजे तारकाचिन्ह, एका शब्दाच्या जागी चालते आणि चौकटीचे चिन्ह शून्य किंवा कितीही शब्दांच्या जागी चालते. हिशेब विभागाने ‘*.*.आरक्षण’ मागितले, तर सर्व शहरांतील आरक्षणे त्याला मिळतात. एखाद्या शहराच्या कार्यालयाने ‘पुणे.#’ मागितले, तर पुण्याचे सर्व काही मिळते.

हीच रांग दुसऱ्या प्रोग्रामने वेगळ्या गुणधर्मांसह पुन्हा जाहीर केली, तर ब्रोकर ४०६ क्रमांकाची चूक दाखवून ते चॅनेल बंद करतो. एकाने टिकाऊ आणि दुसऱ्याने तात्पुरती म्हटले, की हा प्रसंग येतो. म्हणून रांगांचे गुणधर्म सर्व प्रोग्रामसाठी एकाच ठिकाणी लिहून ठेवणे श्रेयस्कर.

पोचपावती कधी द्यायची?

या साऱ्या विषयाचे मर्म एका जुन्या मराठी शब्दात आहे: पोचपावती. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. परंतु सही करून पाकीट घेण्याची ती पद्धत कोणी विसरलेले नाही. सही केव्हा करायची? पाकीट हाती आल्यावर. संदेशांच्या रांगेत मात्र तेवढे पुरत नाही.

मागणी नोंदवताना लायब्ररी विचारते, की पोच आपोआप द्यायची की प्रोग्राम स्वतः देईल? ‘आपोआप’ म्हटले, तर संदेश ब्रोकरच्या हातून सुटला, की तो पोचला असे धरून रांगेतून काढून टाकला जातो. एसएमएस पाठवणाऱ्या प्रोग्रामने तो घेतला, पण पाठवण्यापूर्वीच वीज गेली, तर तो निरोप ना रांगेत उरतो ना ग्राहकाकडे जातो. आरंभी उल्लेखिलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत असे घडणे सहज शक्य आहे. कोणत्याही नोंदवहीत चूक दिसत नाही, हे त्यातील अधिक गंभीर.

पोच प्रोग्रामने स्वतः द्यायची ठरवली आणि ती काम पूर्ण झाल्यावरच दिली, तर चित्र पालटते. मध्येच प्रोग्राम कोसळला, तर जोडणी तुटल्याचे कळताच ब्रोकर तो संदेश पुन्हा रांगेत घालतो आणि ‘पूर्वी एकदा दिलेला’ अशी खूण करून दुसऱ्याकडे सोपवतो. अर्थात याची किंमत आहे. एसएमएस गेला, पण पोच देण्याआधी प्रोग्राम कोसळला, तर तोच एसएमएस दोनदा जाईल. एसएमएस दोनदा गेला तर फारसे बिघडत नाही. बँकेतून पैसे दोनदा वळते झाले तर बिघडते. त्यामुळे प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा आणि काम करण्यापूर्वी तो क्रमांक आधी होऊन गेला आहे का, हे पाहावे. ‘एकदाही नाही’ आणि ‘कदाचित दोनदा’ यांत निवड करायची, तर दुसरा पर्याय सांभाळता येतो. पहिला येत नाही.

पोच द्यायलाच विसरले, तर? रॅबिटएमक्यूच्या ३.८ मालिकेतील नंतरच्या आवृत्त्यांत यासाठी ३० मिनिटांची मूळ मर्यादा घातली गेली. त्यानंतर ब्रोकर ते चॅनेल बंद करून संदेश परत घेतो. तासभर चालणारे काम असेल, तर ही मर्यादा आधीच पाहून ठेवावी.

काही संदेश मुळातच सदोष असतात. मोबाइल क्रमांकच नसलेला संदेश कितीही वेळा दिला, तरी काम होणार नाही. तो पुन:पुन्हा रांगेत येत राहिला, तर यंत्रणा त्यातच गुंतते. अशा संदेशांसाठी ‘डेड लेटर एक्स्चेंज’ ही सोय आहे. पत्ता न सापडलेली पत्रे टपाल खाते वेगळ्या कार्यालयात पाठवत असे, त्यावरूनच हे नाव आले. २०२४ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून ‘कोरम’ प्रकारच्या रांगेत पुन:प्रयत्नांची मूळ मर्यादा २० आहे. ती ओलांडलेला संदेश कोठे ठेवायचा हे सांगितलेले नसेल, तर तो टाकून दिला जातो.

एका वेळी किती?

‘प्रीफेच’ या नेमणुकीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पोच न मिळालेले किती संदेश एका कन्झ्युमरकडे एका वेळी असू द्यावेत, हा तिचा अर्थ. रॅबिटएमक्यूमध्ये प्रोग्राम स्वतः पोच देत असला आणि त्याने मर्यादा सांगितली नाही, तर मर्यादाच नसते. परिणामी पहिला प्रोग्राम सुरू होताच रांगेतील हजारो संदेश त्याच्या स्मृतीत ओतले जातात. गर्दी वाढली म्हणून मदतीला आणखी चार प्रोग्राम सुरू करावेत, तर ते रिकामे बसतात. कारण रांगेत काही उरलेलेच नसते.

पंगतीत वाढप्याने पहिल्याच पानावर सारे पातेले रिकामे करावे, तसा हा प्रकार आहे. काम दीर्घ आणि असमान असेल, तर प्रीफेच १ ठेवावा. काम झटपट असेल, तर १०० ते ३०० हा आकडा साधारणपणे चांगला वेग देतो. संदेशांचा क्रम महत्त्वाचा असेल, तर एकच कन्झ्युमर आणि लहान प्रीफेच हेच धोरण बरे.

पाठवणाऱ्यालाही पोच हवी

आतापर्यंत घेणाऱ्याचा विचार झाला. परंतु पाठवलेला निरोप ब्रोकरपर्यंत पोचला, हे संकेतस्थळाला कसे कळावे? मूळ नेमणुकीत ते कळत नाही. जोडणी तुटलेली असताना पाठवलेला संदेश वाटेतच नाहीसा होऊ शकतो. ‘पब्लिशर कन्फर्म’ ही सोय चालू केली, तर टिकाऊ रांगेतील जपून ठेवायचा संदेश डिस्कवर गेल्यानंतर ब्रोकर तशी पोच देतो. ती येईपर्यंत संकेतस्थळाने संदेशाची प्रत स्वतःकडे ठेवावी.

यातही एक खाच आहे. संदेश एक्स्चेंजपर्यंत आला, पण त्याच्या नावाशी जुळणारी एकही रांग नसेल, तर ब्रोकर तो गुपचूप टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला पोच मात्र देतो! असा संदेश परत हवा असेल, तर पाठवताना ‘मँडेटरी’ ही खूण करावी लागते.

नावे निराळी, प्रश्न तेच

ब्रोकर बदलला की शब्द बदलतात, प्रश्न तेच राहतात. जावाच्या जेएमएस या जुन्या प्रमाणकात जोडणी थांबलेल्या अवस्थेत मिळते. ‘स्टार्ट’ ही आज्ञा दिली नाही, तर मागणी नोंदवूनही एकही संदेश हाती येत नाही. तेथे कायम वर्गणीदार होण्यासाठी जोडणीला ठरावीक ओळखनाव आणि वर्गणीला नाव द्यावे लागते. काफ्कामध्ये पोचपावतीऐवजी ‘कोठपर्यंत वाचले’ याची खूण ठेवतात. जावा लायब्ररीत ती मूळ नेमणुकीप्रमाणे दर ५ सेकंदांनी आपोआप पुढे सरकते. काम दुसऱ्या धाग्यावर सोपवलेले असेल, तर ते अपुरे असतानाही खूण पुढे जाऊ शकते. लहान उपकरणांसाठी १९९९ मध्ये तयार झालेल्या एमक्यूटीटीमध्ये ०, १ आणि २ अशा हमीच्या तीन पायऱ्या आहेत.

सारांश असा, की यंत्रणा कार्यान्वित करण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. जोडणी तुटल्यास पुन्हा कोण जोडणार? घेणारा प्रोग्राम बंद असताना संदेश कोठे थांबणार? पोच कामाआधी की कामानंतर? तोच संदेश दुसऱ्यांदा आला तर काय होईल? आणि सदोष संदेश कोण पाहणार? उत्तरे तयार झाली, की चाचणीच्या यंत्रावर काम सुरू असताना मुद्दाम प्रोग्राम बंद पाडावा, तार काढावी, ब्रोकर पुन्हा सुरू करावा आणि पाठवलेले व पोचलेले संदेश मोजावेत. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर चूक प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात नव्हे, तर तेथेच सापडेल.